अंगठीच्या आतील अक्षरे

मांद्रे येथील एका वाचक भगिनीने आम्हांस एक नाजूक प्रश्न विचारला आहे. त्यांच्या सासूबाईंची लग्नाची अंगठी आता नातवाच्या लग्नात नव्या सुनेच्या बोटात जावयाची आहे. तिच्या आतल्या अंगास दोन आद्याक्षरे व साल कोरलेले असून वापराने ते पुसट झाले आहे. ते घासून नवी नावे कोरावीत काय, आणि कोणत्या रीतीने?

प्रथम रीतींचा विचार करू. सर्वांत जुनी हातकामाची. सोनार अंगठी पकडीत घट्ट बसवितो, अक्षरे आखतो आणि धारदार पोलादी कलमाने सोन्याचा बारीक कीस काढीत जातो. येथे धातू कमी होतो, हे ध्यानात असावे. जुन्या गोव्यातील बॉम जेझू बासिलिकेत संत फ्रान्सिस झेवियर यांच्या अवशेषांची जी चांदीची पेटी आहे, ती १६३६-३७ साली गोव्याच्याच कारागिरांनी घडविली. तिच्यावरील चित्रे ठोकून उठविलेली आहेत. त्या कामात धातू केवळ सरकतो. खोदकामाचे तसे नाही. एकदा गेलेले सोने परत येत नाही.

दुसरी रीत आम्लाची. वस्तूवर मेणाचा लेप देऊन त्यात सुईने अक्षरे ओढतात व उघड्या पडलेल्या धातूस नायट्रिक आम्ल लावतात. चांदी, तांबे व पितळ यांस ही रीत चालते. परंतु शुद्ध सोन्यास हे आम्ल खात नाही, म्हणूनच सोनार त्याने सोन्याचा कस पाहतात. शिवाय त्याची वाफ विषारी असते. घरी हा खटाटोप कोणीही करू नये.

तिसरी रीत हिऱ्याच्या टोकाची. यंत्र ते टोक धातूवरून ओढते. रेषा स्वच्छ येते, पण उथळ असते. चौथी लेसर किरणांची. १९६० साली प्रथम सिद्ध झालेला हा किरण धातूचा सूक्ष्म थर तापवून उडवितो. त्याने हस्ताक्षरही जसेच्या तसे उतरते. १ एप्रिल २०२३ पासून नव्या हॉलमार्कच्या दागिन्यांवर सहा अक्षरांकांची जी खूण सक्तीची झाली, तीही बहुधा लेसरनेच उमटवितात.

आता आमचा सल्ला. मूळ अंगठी झिजून पातळ झाली असेल, तर खोल हातकाम टाळावे. हलका लेसर बरा. अंगठी सुनेच्या बोटास सैल वा घट्ट होत असेल, तर ते माप आधी करून घ्यावे. माप बदलताना अंगठी कापून डाख द्यावा लागतो; आधी कोरलेली अक्षरे त्यात तुटतात. आणखी एक गोष्ट. देवनागरीस वर वेलांटी, खाली उकार, अशी तीन मजल्यांची उंची लागते. अरुंद कडीवर जोडाक्षरे भरून जाऊन वाचता येत नाहीत. म्हणून पूर्ण नावांऐवजी आद्याक्षरे व तारीख पुरेशी आहे.

जुनी अक्षरे मात्र मुळीच घासू नयेत. सोनाराकडे जाण्यापूर्वी मऊ मेणाची बारीक गुंडाळी करून ती अंगठीच्या आत हलकेच दाबावी. ठशात अक्षरे उलटी उमटतील. आरशासमोर धरिली म्हणजे सुलटी वाचता येतील. ती वहीत लिहून ठेवावी. मग त्या जुन्या सालाशेजारी, मोकळ्या जागी, नवी तारीख कोरवून घ्यावी, आणि झिलई करताना आतले अंग घासू नये, असे सोनारास आधीच बजावून सांगावे.

एका कडीत दोन लग्ने सुखाने नांदू शकतात. सासूबाई हयात असतील, तर कोरण्यापूर्वी अंगठी एकवार त्यांच्या हाती द्यावी. ज्या अक्षरांचा अर्थ आज केवळ त्यांनाच ठाऊक आहे, तो नव्या सुनेने त्यांच्याच तोंडून ऐकावा.