निवडून वाहिलेला नारळ

दातिवऱ्याच्या किनाऱ्यावरून वैतरणेच्या मुखापलीकडे अर्नाळा दिसतो. त्याच्या दक्षिणेस वसईची ख्रिस्ती गावे आहेत. नारळी पौर्णिमेला दर्याला वाहायचा नारळ कोळी निवडून घेतो. तडकलेला, आत सुकलेला नारळ तो वाहत नाही. खाडीपलीकडच्या उपासनेचा विचार करताना आम्हाला ही रीत आठवते.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेमुळे (१९६२-६५) लॅटिनमधील मिस्सा लोकभाषेत येण्याची वाट मोकळी झाली. मराठी वेदीपर्यंत पोहोचली. परंतु तिची मशागत आपण किती केली? ‘देव भाव पाहतो, भाषा नव्हे’ असे म्हणून ढिसाळ अनुवाद, चालीत कोंबलेली गीते, घाईने उरकलेले शास्त्रवाचन आपण खपवून घेतो आणि त्याला नम्रता म्हणतो. आमच्या मते ती बहुधा आळसाची सोय असते. लंगडे, आंधळे पशू वेदीवर आणणाऱ्यांना मलाखी संदेष्ट्याने खडसावले, ते याचसाठी. तीच भेट राज्याच्या अधिकाऱ्यापुढे नेण्यास ते धजावले असते काय, असा त्याचा रोख होता.

१५७९ मध्ये गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने परकी भाषा आत्मसात करून सुमारे ११,००० ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ मध्ये छापले गेले. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या ना. वा. टिळकांनी संतांच्या अभंगाची वाट ख्रिस्तभक्तीला मोकळी करून दिली. दोघांनीही ख्रिस्तापुढे मराठीतील वेचक तेच ठेवले.

मग शुभवर्तमानातील गरीब विधवेच्या दोन नाण्यांचे काय, असे कोणी विचारील. आमचे म्हणणे त्या कथेच्या विरोधात नाही. ते तिच्यातूनच निघते. श्रीमंतांनी उरलेले दिले, तिने होते ते सर्व दिले. तिचे दान लहान होते, उरलेसुरले नव्हते. म्हणून उत्तम अर्पण म्हणजे भरजरी अर्पण नव्हे. आवाज बेसूर असलेल्या म्हाताऱ्याने मनापासून म्हटलेले गीत उत्तमच. ज्याला सुंदर वाचता येते, त्याने तयारीविना वाचणे हे मात्र न्यून.

हा आरोप प्रथम आमच्यावरच येतो. परिसंवादातील निबंध आम्ही चारदा तपासतो, कारण तेथे विद्वान ऐकत असतात. प्रार्थनेचे शब्द मात्र हाती लागतील तसे उच्चारतो. तेथे कोण ऐकत असतो, याचा आम्हाला विसर पडला आहे.