सेंदाईची खिडकी : दहा हेक्टोपास्कलची गोष्ट



ह्या वेळचा विषय हवेचा दाब. विमानात कानाला बसणारे दडे नव्हेत, तर पायलटच्या समोरची ती गोल डायल, जिला आपण सगळे उंची दाखवणारं यंत्र समजतो. अल्टीमीटर उंची मोजतच नाही हो! तो मोजतो बाहेरच्या हवेचा दाब आणि त्यावरून उंचीचा अंदाज सांगतो. आधीच्या काळापासून आहे तसा तो बॅरोमीटरच, फक्त त्यावर फुटांचे आकडे छापलेत. आणि त्या आकड्यांना अर्थ येतो तो शेजारच्या एका छोट्या बटनामुळे. समुद्रसपाटीला आज दाब किती आहे, हे टॉवर सांगतो, पायलट ते बटन फिरवून तो आकडा लावतो. ह्या आकड्याला क्यूएनएच म्हणतात. हिशेब सोपा: जमिनीजवळ १ हेक्टोपास्कल म्हणजे साधारण २७-२८ फूट. बॅरोमीटर असलेला फोन तुमच्याकडे असेल तर लिफ्टने तिसऱ्या मजल्यापर्यंत जाऊन बघा, एखाद्या हेक्टोपास्कलचा फरक सहज दिसतो. (मी ऑफिसात करून पाहिलं. शेजारच्या जपानी सहकाऱ्याने काहीच विचारलं नाही, नेहमीप्रमाणे.)

आता सेंदाईचं बघू. इथला विमानतळ समुद्राला अगदी लागून, समुद्रसपाटीपासून उंची नावापुरती. मार्च २०११ ची त्सुनामी ह्याच धावपट्टीवरून गेली होती. शेजारी इवानुमाला सरकारी विमानचालन कॉलेजची शाखा आहे, भावी एअरलाइन पायलट तिथे दोन इंजिनांच्या छोट्या विमानांवर शिकतात. हिवाळ्यात इथला हवामानाचा नकाशा ठरलेला असतो. 'सेइको-तोतेई', म्हणजे पश्चिमेला जास्त दाब, पूर्वेला कमी. सायबेरियावर थंड हवेचा डोंगर, होक्काइदोच्या पलीकडे खड्डा, आणि मध्ये आपण. समदाब रेषा कंगव्याच्या दातांसारख्या उभ्या. त्यातच कधीकधी टीव्हीवर 'बाकुदान तेइकिआत्सु' हा शब्द येतो, शब्दशः बॉम्ब कमी दाब. सेंदाईच्या अक्षांशावर २४ तासांत सुमारे १७ हेक्टोपास्कल उतरले की त्याला हे नाव मिळतं. गुणाकार करा: संध्याकाळी विमान उभं केलं आणि सकाळी बटनाला हात लावला नाही, तर चाकं जमिनीवर टेकलेली असतानाच अल्टीमीटर पावणेपाचशे फूट दाखवेल. दाब उतरतो तेव्हा अल्टीमीटर उंची वाढवून सांगतो. धोका तिथेच आहे. म्हणूनच जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जाताना खाली नजर ठेवा, असं प्रत्येक शिकाऊ पायलटला पहिल्या काही दिवसांतच पाठ करायला लावतात.

ह्याचं टोकाचं रूप जपानच्या दक्षिणेला प्रशांत महासागरात सापडलं. १२ ऑक्टोबर १९७९ ला 'टिप' ह्या टायफूनच्या डोळ्यात अमेरिकन हवाई दलाच्या टेहळणी विमानाने समुद्रसपाटीचा दाब ८७० हेक्टोपास्कल नोंदवला. आजवर नोंदवलेला हा सर्वांत कमी. अल्टीमीटरवर प्रमाण १०१३ लावून कोणी तिथे बोटीत बसला असता, तर काट्याने त्याला चार हजारांहून जास्त फुटांवर दाखवलं असतं. म्हणजे बोट समुद्रात, पण दाब साधारण पाचगणीचा! अशा वादळांत शिरणारे वैमानिक दोन यंत्रं शेजारी ठेवतात. दाबाचा अल्टीमीटर एका ठरावीक आकड्यावर स्थिर धरून उडायचं, आणि रेडिओ अल्टीमीटरने खालच्या पाण्यापर्यंतचं खरं अंतर बघत राहायचं. डोळ्याकडे जाताना पहिला काटा जागचा हलत नाही, दुसरा मात्र उतरत जातो. विमान 'सरळ' उडतंय आणि समुद्र वर येतोय. दोन काट्यांतल्या ह्याच फरकावरून खालचा दाब काढता येतो. मला ही पद्धत फार आवडते, यंत्राच्या चुकीतूनच माप काढायचं.

दुसरं टोक अलास्काचं. ३१ जानेवारी १९८९, नॉर्थवे: ३१.८५ इंच, म्हणजे १०७८.६ हेक्टोपास्कल. खरं तर घट्ट थंड हवा म्हणजे विमानाची चंगळ, पंखांना उचल जास्त, इंजिन खूश. पण बऱ्याच अल्टीमीटरचं बटन ३१ इंचांच्या पुढे फिरतच नाही. हवा उत्तम आणि विमानं जमिनीवर, कारण स्केल संपली! १९-२० जानेवारी २०२० च्या रात्री लंडनच्या हीथ्रोला १०४९.६ झाला होता, म्हणजे ह्या सीमेच्या अगदी उंबऱ्यावर. ह्या बाजूची चूक निदान जिवावर उठत नाही, कारण अल्टीमीटर खरी उंची असते त्याहून कमी सांगतो. आपल्या लेहला उलटी अडचण. धावपट्टी सुमारे १०,७०० फुटांवर. धावपट्टीवर काटा शून्यावर आणायचा म्हटलं तर बटन दुसऱ्या टोकाला संपतं.

पण मंडळी, मला ज्याने झोप लागू दिली नाही ती गोष्ट ना टायफूनची, ना अलास्काची. २३ मे २०२२, पॅरिसचा शार्ल द गोल. पाऊस, ढग खाली आलेले. त्या धावपट्टीची रेडिओ किरणाने उतरवणारी यंत्रणा बंद होती, त्यामुळे उतरण्याचा मार्ग विमानाने स्वतःच्या दाबमापनावरून काढायचा होता. खरा क्यूएनएच १००१. कंट्रोलर बोलला १०११. पायलटनी नियमाप्रमाणे परत म्हटलं, १०११. दहा हेक्टोपास्कल, म्हणजे २८० फूट. काटे नीट, मार्ग नीट, सगळं हिरवं, फक्त अख्खा मार्गच जमिनीत २८० फूट सरकलेला. धावपट्टी अजून मैलभर लांब होती तेव्हा ए३२० जमिनीपासून सहा फुटांवर होतं. सहा! माणसाच्या उंचीएवढं. धावपट्टी दिसली नाही म्हणून त्यांनी विमान परत वर घेतलं आणि वाचले. दुसऱ्या फेरीलाही तोच १०११ लावलेला होता, पण ह्या वेळी दिवे दिसले आणि नजरेने मार्ग सुधारून ते उतरले.

आता आपल्या धंद्याच्या भाषेत बोलतो. परत म्हणून दाखवणं म्हणजे अ‍ॅक्नॉलेजमेंट. तू जे पाठवलंस ते मला जसंच्या तसं मिळालं, एवढंच त्यातून सिद्ध होतं. पाठवलेलंच चुकीचं असेल तर दोन्ही बाजू अगदी शिस्तीत चुकीवर सही करतात. त्याच दिवशी त्याच कंट्रोलरने आणखी एका विमानाला १०११ सांगितला होता. त्या पायलटनी परत म्हणताना १००१ म्हटलं, आणि ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. म्हणजे तपासणीची पायरी दोन्ही वेळा पार पडली, आणि दोन्ही वेळा काहीच तपासलं गेलं नाही. आमच्याकडे रिलीजच्या वेळी बोट दाखवून मोठ्याने "योशी!" म्हणण्याची पद्धत आहे. मला ती पूर्वी गमतीची वाटायची, आता वाटतं की योशी म्हणणारा कशाकडे बोट दाखवतोय ते महत्त्वाचं, समोरच्याच्या तोंडाकडे की दुसऱ्या कुठल्या स्वतंत्र स्रोताकडे. पॅरिसला तो स्रोत होता: विमानतळाच्या रेकॉर्डेड हवामानवार्तेत १००१ वाजतच होता.

जपानात ह्यात एक खास मसाला आहे. इथे पायलटला क्यूएनएच इंचांत सांगतात, भारतात हेक्टोपास्कलमध्ये. सेंदाईचं मेटार उघडलंत तर एकाच ओळीत दोन्ही सापडतात, आधी समजा क्यू०९९६ आणि शेवटी शेऱ्यात ए२९४२. 'नऊ नऊ दोन' एवढंच कानावर पडलं तर ते २९.९२ इंच की ९९२ हेक्टोपास्कल? दोन्हींत ५८० फुटांचा फरक आहे, आणि घाईत पहिला आकडा गिळून बोलणारे कंट्रोलर जगभर आहेत. एककं वेगळी असण्याचा एक फायदा मात्र मानायला हवा: एकाच ओळीतले दोन आकडे एकमेकांशी जुळतात का हे अर्ध्या मिनिटात बघता येतं. माझ्या फोनवर त्यासाठी चार ओळींची स्क्रिप्ट आहे. घरचे लोक उतरायचे असतील त्या संध्याकाळी मी ती चालवतो. उपयोग शून्य, हे मला माहीत आहे. बायको म्हणते त्यापेक्षा वेळेवर गाडी घेऊन विमानतळावर जा.

असो. पुढच्या खेपेला बर्फाचे टायर आणि ते बदलायची तारीख ठरवण्यावरून इथे होणारे वाद.

— सेंदाईहून, तुमचाच