माहिती आपली, अनुदान परक्यांचं!



अकोला जिल्ह्यातलं कंझरा हे गाव तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलेलं नसेल. अमेरिकेतल्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांना मात्र ते नावानिशी ठाऊक आहे. हैद्राबादजवळ पाटनचेरूला इक्रिसॅट नावाची आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिने १९७५ साली कोरडवाहू मुलखातल्या सहा गावांचा अभ्यास सुरू केला. त्यातली चार गावं आपली. अकोल्याची कंझरा आणि किनखेडा, सोलापूरची शिरापूर आणि कळमण. दर गावात चाळीस घरं धरली, तीस जमीनवाल्यांची आणि दहा मजुरांची. संस्थेचा माणूस गावातच मुक्कामाला. दर थोड्या आठवड्यांनी दारात हजर. किती पेरलं, किती निघालं, निंदणाला काय मजुरी दिली, कर्ज कुणाकडून काढलं, बैल कितीला विकला? सगळं वहीत गेलं.

या वह्यांवर जगभर प्रबंध झाले. १९९४ साली रॉबर्ट टाउनसेंड नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने कंझरा, शिरापूर आणि तेलंगणातलं औरेपल्ली या तीन गावांच्या हिशोबावर एक निबंध लिहिला, तो आजही अर्थशास्त्राच्या वर्गात शिकवतात. त्याचं सार असं, की एखाद्या घराचं उत्पन्न बुडालं तरी त्याचं खाणंपिणं त्या मानाने बुडत नाही, गाव बरंचसं सांभाळून घेतं. उसनंपासनं, सोयरेधायरे, सावकार. तुमच्या आजीने हे फुकट सांगितलं असतं. पण याच्या पुढचं वाक्य आपण म्हणायला हवं होतं, ते म्हणायला आपला माणूस तिथे नव्हता. एकाची पऱ्हाटी गेली तर गाव सांभाळेल, पण भाव पडतो तो एका घराचा पडत नाही. सगळ्या गावाचा एकाच दिवशी पडतो. मग उसनं द्यायचं कुणी?

संशोधन म्हणजे थोतांड, असं सभेत कुणी म्हणालं की टाळ्या पडतात. मी त्या टाळ्यांत नाही. मी शेतकी पदवीधर आहे, आकड्याची ताकद मला ठाऊक आहे. विदर्भात आत्महत्यांचं सत्र सुरू झालं तेव्हा सरकारदरबारी उत्तर ठरलेलं होतं : दारू, लग्नाचा खर्च, मनाचा आजार. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशावरून टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा अहवाल झाला. २००६ साली गोरेगावच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेचा आला. त्यात स्पष्ट होतं, की महाराष्ट्रात लाखामागे पुरुष शेतकऱ्यांच्या आत्महत्या १९९५ साली १५ होत्या, त्या २००४ साली ५७ झाल्या. या आकड्यापुढे दारूची गोष्ट टिकत नाही. त्याच वर्षी जुलैत पंतप्रधान विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. पण गोरेगावचा अहवाल इंग्रजीत. ज्या घरांनी दुःख उकरून उत्तरं दिली, त्यांच्या हातात काय पडलं?

आता आजच्या पोटाचा प्रश्न. २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७७१० रुपये ठरला. तो खर्चाच्या दीडपट आहे असं सरकार सांगतं. म्हणजे क्विंटलमागे खर्च धरला ५१४० रुपये. संकरित ज्वारीचा भाव ३६९९, म्हणजे खर्च २४६६. भावांनो, कोरडवाहू पऱ्हाटीत एकरी चार क्विंटल कापूस निघाला, तर नांगरणीपासून शेवटच्या वेचणीपर्यंतचा तुमचा खर्च साडेवीस हजारांत बसतो का? दोन फवारण्या वाढल्या, वेचणीची मजुरी वाढली, की कुठे जातो? ५१४० हा साऱ्या देशाची सरासरी मारून काढलेला आकडा आहे, त्यात पाटपाण्याचा कापूसही आला. शिवाय तो धरताना स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलाचं व्याज सोडून दिलेलं आहे. स्वामिनाथन आयोगाचा दीडपट नेमका कोणत्या खर्चावर, हा वाद २०१८ च्या अर्थसंकल्पापासून याच ठिकाणी अडलेला आहे.

हा खर्च काढणारी योजना केंद्राच्या पैशातून कृषी विद्यापीठांमार्फत चालते. महाराष्ट्रात ती राहुरीकडे आहे. योजना असावी, ती चोखही असावी. पण तिच्या शेजारी ठेवायला आपला हिशोब कुठे आहे? दिल्लीच्या भाव आयोगापुढे आपण "परवडत नाही" म्हणतो, ते वही उघडतात. वहीपुढे आरोळी चालत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, की संशोधनाचं अनुदान आपण मागायला शिकलं पाहिजे. दिल्लीची भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद १९६९ पासून अशा अभ्यासांना पैसे देते. अर्ज मान्य संस्थेमार्फत जातो, तेव्हा तालुक्याचं कॉलेज आणि तिथला एखादा सरळ प्राध्यापक गाठावा लागेल. नाबार्डकडे अभ्यासासाठी निधी असतो. सारथी, बार्टी, महाज्योती यांच्या शिष्यवृत्तीवर आपलीच पोरं पीएच.डी. करतात. विषय मात्र असे, की बाप विचारतो, "बाबू, हे कशाचं रे?" त्या पोरांना आपल्या शिवाराचा उत्पादन खर्च हा विषय घ्या म्हणून सांगणारा कुणी आहे का?

परदेशी पैशाचा रस्ता आपल्यासाठी जवळजवळ बंद आहे. २०२० च्या कायदा दुरुस्तीनंतर मोठ्या संस्थेने आपल्या वाट्यातून छोट्या संस्थेला परदेशी पैसा देणंही चालत नाही. कंपन्यांचा पैसा आहे. २०१३ च्या कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकामावर खर्चावे लागतात. तिथे मात्र डोळे उघडे ठेवा. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीने माणसं मेली. त्या विषबाधेचा अभ्यास औषध विकणाऱ्याच्या पैशावर कोण करणार, आणि केला तर काय लिहिणार? बियाणं आणि औषधवाल्यांचा एक रुपया या कामाला नको, हे मी आताच सांगून ठेवतो.

काहींना भीती वाटते की अनुदान आलं की चळवळ ऑफिसात बसते. भीती खोटी नाही. एका महाविद्यालयात मी नोकरीला असताना मार्च महिना पाहिला आहे. अनुदान परत जाऊ नये म्हणून कपाटं आणि खुर्च्या घेतल्या, आणि ज्वारीच्या प्रयोगाचा अहवाल त्याच कपाटात बंद झाला. आयजीच्या जिवावर बायजी उदार! म्हणून पैसा कॉलेजच्या खात्यात राहावा, संघटनेच्या नको, आणि त्याचा हिशोब जिल्हा बैठकीत मोठ्याने वाचला जावा. माहिती लिहिणारा गावचा असावा, त्याला मजुरी मिळावी. जो शेतकरी वर्षभर वही भरेल त्यालाही मिळावी. अहवाल आधी मराठीत, आणि आधी गावात.

तोवर दारात कुणी सर्व्हेवाला आला तर त्याला चहा पाजा, आणि उत्तर देण्याआधी विचारा : पैसा कुणाचा, अहवाल कुठल्या भाषेत, आणि आमच्या गावात वाचून कधी दाखवणार?

येत्या बैठकीत दर तालुक्यातून दहा घरं ठरवायची आहेत, त्यात दोन तरी मजुरांची. वही साधी शंभर पानी चालेल. वखरणीपासून लिहायला लागा. घरच्या बाईमाणसाचा निंदणाचा आणि वेचणीचा दिवस रोजच्या मजुरीच्या भावाने धरा, तोच नेमका सुटतो. खताची, बियाण्याची पावती पानाला टाचून ठेवा. ज्यांनी गेल्या हंगामाचा हिशोब कसाही का होईना लिहून ठेवला असेल, त्यांनी तो येताना सोबत आणावा.