गरिबांच्या घराचा पैसा अडतो कुठे?

गरिबांसाठी घरं उभारणाऱ्या संस्थांविषयी एक मत सर्रास ऐकू येतं. त्यांना अनुदानाची चटक लागली आहे, गरीब हप्ते बुडवतात, मग बँकांनी हात आखडता घेतला तर बिघडलं काय?

हे मत सोलापूरने कधीच खोटं पाडलं आहे. शहरालगत कुंभारीला विडी कामगार महिलांच्या गोदूताई परुळेकर सहकारी संस्थेने 10 हजार घरं उभी केली. 2006 मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती कामगारांच्या ताब्यात आली. घरामागे केंद्राचे 20 हजार, राज्याचे 20 हजार आणि तेवढेच घर घेणाऱ्या बाईचे. मांडीवर सूप घेऊन पान कातरायचं, तंबाखू भरून विडी वळायची, दोरा बांधायचा आणि हजार विड्यांमागे मिळणाऱ्या मजुरीतून ही रक्कम उभी करायची. अशा बाईला बुडवी ठरवणं हा सरळसरळ अन्याय आहे.

मग घोडं पेंड कुठे खातं? पैसा कधी आणि कसा येतो, तिथे. 2015 च्या पंतप्रधान आवास योजनेत भागीदारीतून उभारलेल्या परवडणाऱ्या घराला केंद्राचे दीड लाख मिळत, तेही 40, 40 आणि 20 टक्क्यांच्या तीन हप्त्यांत. म्हणजे पहिल्या खेपेला 60 हजार. पुढचा हप्ता आधीच्या पैशाचं उपयोगिता प्रमाणपत्र गेल्यावर. तोवर सिमेंटवाला आणि सळईवाला थांबत नाहीत. 2024 च्या नव्या टप्प्यातही महाराष्ट्रासाठी केंद्राचा वाटा दीड लाखच राहिला. नऊ वर्षांत बांधकाम कितीने महागलं, हे कुठल्याही गवंड्याला विचारावं.

बँकांचं वागणंही तपासायला हवं. धारावीत राजीव-इंदिरा सोसायटीच्या पुनर्विकासासाठी स्पार्क ही स्वयंसेवी संस्था आणि झोपडीवासीयांच्या संघटना यांना सिटी बँकेचं कर्ज मिळालं, पण त्यासाठी होमलेस इंटरनॅशनल या ब्रिटिश संस्थेला हमी द्यावी लागली. मुंबईतल्या घरांना विलायतेचा जामीन!

अनुदानाचं म्हणाल, तर झोपडपट्टी पुनर्वसन (झोपु) योजनेत बिल्डरला विक्रीसाठी मिळणारं चटईक्षेत्र हेही सार्वजनिक अनुदानच. फरक इतकाच, की त्याचा पैसा होईपर्यंत तग धरायला बिल्डरकडे भांडवल असतं, संस्थेकडे नसतं.

काही संस्थांचे हिशेब ढिसाळ असतात, हे खरं. त्यांची दप्तरं जरूर तपासावीत. पण चोख संस्थांसाठी राज्याने हमी निधी आणि बांधकामापुरतं फिरतं भांडवल उभारावं, आणि दीड लाखाचा आकडा दरवर्षी बांधकाम खर्चाच्या वाढीनुसार बदलावा.