पंखा बसला, पण हवा कुठून येणार?

जुन्या घराच्या बाथरूमला ओल आली, छताला काळी बुरशी धरली, की आपल्याकडे एकच उपाय सांगितला जातो. ‘एक्झॉस्ट फॅन लावून टाका!’ सांगणारे शेजारी असतात, काका असतात, हार्डवेअरच्या दुकानातला पोऱ्या असतो आणि (हे मात्र खटकतं) आपल्या ब्रँचचे लोकही असतात. फ्लुइड मेकॅनिक्सच्या पेपरात कंटिन्युइटी इक्वेशन लिहून ज्यांनी मार्क मिळवले, तेच घरी गेल्यावर बंद खोलीत पंखा बसवतात आणि हवा बाहेर जाण्याची वाट बघत बसतात! माझं म्हणणं असं आहे की जुन्या घरात पंखा बसवणं हे सगळ्यात शेवटचं काम. आधीची कामं केली नाहीत तर तो नुसता आवाज करतो. आणि बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर तो खोटा धीर देतो, जो जिवावर बेतू शकतो.

उदाहरण घरचंच देते. साताऱ्याला आजीचं घर आहे. चुन्यातल्या दीड फुटी भिंती, वर पोटमाळा, त्यावर कौलं. तिथल्या बाथरूमला आजी अजूनही न्हाणीघर म्हणते. (माझी शाळा कॉन्व्हेंट, त्यामुळे हा शब्द मला पुस्तकातून नाही, आजीकडूनच मिळाला.) मूळच्या न्हाणीघराला लाकडी दार होतं, खाली बोटभर फट असलेलं. मोरीच्या वर एक झरोका जमिनीलगत आणि दुसरा थेट आढ्याखाली. खालून गार हवा आत, वरून वाफ बाहेर. पंखा नाही, बिल नाही. पाणी तापवायचा बंब तर आतमध्ये नव्हताच. तो मागच्या पडवीत, उघड्यावर असायचा आणि कढत पाणी बादलीने आत यायचं.

मग नव्वदच्या दशकात ‘सुधारणा’ झाल्या. घुशी येतात म्हणून खालचा झरोका सिमेंटने बुजवला. लाकडी दार पाण्याने फुगतं म्हणून घट्ट बसणारं फायबरचं दार आलं. भिंतींना वरपर्यंत टाइल्स लागल्या. वरच्या झरोक्याच्या जागी काचेच्या पट्ट्यांचं व्हेंटिलेटर आलं, जे डासांमुळे कायम बंद. पुढे लोडशेडिंगच्या काळात बंब गेला आणि गॅस गीझर आला, तोही पडवीत नाही, थेट न्हाणीघराच्या आत! यातला प्रत्येक निर्णय वेगळा काढून बघा, चुकीचा म्हणता येणार नाही. घुशी नको होत्याच. पण सगळे मिळून चार बाय सहा फुटांची एक बंद पेटी तयार झाली आणि त्या पेटीत रोज सकाळी जाळ पेटायला लागला.

गेल्या जानेवारीत आजी आंघोळ करून बाहेर आली ती धड उभी राहीना. डोकं जड, मळमळ, पायांत त्राण नाही. ‘पित्त झालं असेल’ असं एकमत झालं. काकांनी कोविडच्या वेळी घेतलेला ऑक्सिमीटर बोटाला लावला. ९८ आले. सगळे निर्धास्त! डॉक्टरांकडे नेल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “आंघोळीचं पाणी कशावर तापवता?”

इथे थोडं थांबून सांगते, कारण हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत नसतं. जाळाला ऑक्सिजन कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरच्या गॅसला वास येतो तो त्यात मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा, त्यामुळे गॅस गळला तर कळतं. पण जळून झालेल्या विषाला मर्कॅप्टन नसतो. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट जास्त जोराने चिकटतो. आणि साधा ऑक्सिमीटर? त्याला कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनवाल्यासारखंच दिसतं. म्हणून ९८. बाथरूममध्ये अचानक फिट येऊन किंवा बेशुद्ध होऊन पडलेले पेशंट बघून आपल्याकडच्या डॉक्टरांनी या प्रकाराला ‘गॅस गीझर सिंड्रोम’ असं नावच दिलेलं आहे.

काकांचा उपाय ठरलेला होता. एक्झॉस्ट फॅन. सहा इंची, चांगल्या कंपनीचा. मी म्हटलं, आधी हिशोब करू या. काकांना वाटलं पोरगी इंजिनिअरिंगला गेली म्हणून मिरवतेय. पण हिशोब तुम्हीही करून बघा, फर्स्ट इयरचा आहे. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवायचं तर साधारण साडेदहा किलोवॅट लागतात. गीझरची एफिशिअन्सी ८५ टक्के धरली तर मिनिटाला सुमारे १६ ग्रॅम गॅस जळतो. एक किलो एलपीजी नीट जळायला साडेपंधरा किलोच्या आसपास हवा लागते. म्हणजे मिनिटाला पाव किलो हवा, अर्थात दोनशेहून जास्त लिटर. चार बाय सहा बाय आठ फुटांच्या न्हाणीघरात एकूण हवा किती? सुमारे ५,४०० लिटर. दहा मिनिटांत गीझर त्यातली एक तृतीयांशाहून जास्त वापरून टाकतो आणि जळलेला वायू पुन्हा त्याच खोलीत सोडतो. त्यात आतला माणूसही श्वास घेतोय. ज्योतीला कमी पडायला याहून काय पाहिजे?

काका म्हणाले, मग पंखा हवाच की! खोक्यावर तासाला अडीचशे घनमीटर लिहिलंय, म्हणजे मिनिटाला चार हजार लिटर. दीड मिनिटात खोली रिकामी.

कागदावर बरोबर आहे. पण खोक्यावरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो, पंख्याच्या पुढे-मागे काहीही अडथळा नसतानाचा. या छोट्या पात्यांच्या पंख्यांना प्रेशर निर्माण करता येत नाही. दार घट्ट, झरोका बुजवलेला, तर आत येणारी हवा जवळजवळ शून्य, म्हणून बाहेर जाणारीही जवळजवळ शून्य. पंखा गरगरतो आणि आपल्याला वाटतं काम चाललंय. अमेरिकेतल्या आश्रे संस्थेच्या घरगुती वायुवीजनाच्या मानकात बाथरूमच्या पंख्याला मिनिटाला किमान ५० घनफूट, म्हणजे तासाला ८५ घनमीटर एवढंच मागितलंय. तेवढी हवा सेकंदाला एक मीटर अशा हळू वेगाने आत घ्यायची तरी सुमारे २३५ चौरस सेंटिमीटर वाट लागते. अडीच फुटी दाराखाली ती तीन सेंटिमीटरची फट झाली. साधा ठोकताळा असा की आत यायची वाट निदान पंख्याच्या तोंडाएवढी तरी असावी. आणि ती पंख्यापासून लांब, खालच्या अंगाला. पंख्याशेजारचीच काच उघडी ठेवली तर तिथून आलेली हवा तशीच पंख्यातून निघून जाते. शॉर्ट सर्किट हवेचंही होतं!

माझा मुख्य आक्षेप मात्र याहून सोपा आहे आणि तो काकांना एका मिनिटात पटला. लाइट गेले की पंखा बंद पडतो. गॅस गीझर दोन सेलवर पेटतो, तो चालूच राहतो. सकाळी सात वाजता आजी आत, दार लावलेलं, आणि लाइट गेले तर? ज्या गोष्टीवर माणसाचा जीव अवलंबून आहे ती विजेच्या भरवशावर सोडायची? काही गीझर वीसेक मिनिटांनी आपोआप बंद होतात हे खरं, पण वरचा हिशोब दहा मिनिटांचा आहे. काहींना धुराडं असतं, तेही चांगलंच. पण बंद खोलीत जोराचा पंखा लावला तर तो त्याच धुराड्यातून जळलेली हवा उलटी आत ओढू शकतो. पंखा वाफेसाठी आहे. विषारी वायूचा बंदोबस्त म्हणून तो विकत घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. गॅस गीझर बाथरूमच्या बाहेरच पाहिजे.

तर गीझर पडवीत गेला, बंब होता त्याच भिंतीला. सात-आठ फूट पाइप आणि प्लंबरची अर्ध्या दिवसाची मजुरी, एवढाच खर्च. त्यानंतर ओलीसाठी पंख्याचा विषय निघाला, आणि जुन्या घराच्या गमती तिथून सुरू झाल्या. वायरमन म्हणाला, भिंत फोडायला नको, पंख्याचं तोंड वर पोटमाळ्यात काढू, दिसणारही नाही. दिसणार नाही हे खरंच! रोजची वाफ सागवानी वाशांवर जाऊन बसली असती आणि ओल्या लाकडाला वाळवी लागल्यावरच दिसली असती. हवा घराबाहेर काढायची असते, दुसऱ्या खोलीत नाही. गवंडी छन्नी-हातोडा घेऊन तयार होता, पण चुन्यातली भिंत एका जागी ठोकली की शेजारचं प्लास्टर पत्र्यासारखं सुटतं. शेवटी व्हेंटिलेटरच्या काचेच्या पट्ट्या काढून तिथे अ‍ॅक्रिलिकची शीट लावली आणि तिला गोल भोक पाडून पंखा बसवला. बाहेरून पडझडपा असलेलं कव्हर, म्हणजे पाऊस आणि कबुतरं दोन्ही बाहेर. साताऱ्याचा पाऊस आडवा येतो, त्यामुळे वरती छोटा पत्राही ठोकला.

खरी अडचण वायरिंगची होती. पट्टीवरची जुनी दोनच तारांची लाइन, अर्थिंग नाहीच. अशा वेळी काही वायरमन सरळ अर्थची तार न्यूट्रलला जोडून मोकळे होतात. न्यूट्रल कुठे तुटली तर उपकरणाच्या धातूच्या भागात करंट उतरतो, आणि ओल्या हाताचा माणूस खाली उभा असतो. पंखा चाळीस वॅटचाही नाही, त्याने फ्यूज कधी उडणार नाही. पण धक्क्याचा आणि फ्यूजचा संबंधच नसतो. पाच अँपिअरच्या फ्यूजला उडायला लागतो त्याच्या दीडशेव्या भागाहून कमी करंट माणसाला जीवघेणा ठरू शकतो. म्हणून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वायरमन लोक अजून ईएलसीबीच म्हणतात) आणि अर्थची नवी तार, ही दोन्ही कामं पंख्याच्या आधी. स्विच बाथरूमच्या बाहेर. आणि लाइटचं व पंख्याचं बटण वेगळं, कारण आंघोळीनंतर पंधरा-वीस मिनिटं पंखा चालू राहायला हवा. एकच बटण असेल तर बाहेर पडताना आपण लाइट घालवतो आणि पंखाही गप्प बसतो.

दाराला खालून जाळी बसवली. त्यावर आजीचं मत वेगळं आहे. “पायाला गार वारं लागतं गं,” म्हणून तिने गोणपाटाचं पायपुसणं जाळीला लावून ठेवलंय. गीझर बाहेर गेल्यामुळे आता त्यात जिवाची भीती नाही, फक्त भिंती सुकायला वेळ लागतो. मी काढते, ती लावते. चालायचंच.

आता आपल्या होस्टेलकडे या. डिसेंबर आला की बाथरूमच्या खिडक्यांना थर्माकोल आणि पेपर कोण लावतं, हे रेक्टर मॅडमना माहीत नसलं तरी आपल्याला माहीत आहे. आपल्याकडे पाणी सोलरचं, म्हणून त्यातून बुरशी आणि कुबट टॉवेल यापलीकडे काही होत नाही. पण मेंटेनन्सच्या काकांकडे ‘पंखा खराब आहे’ अशी तक्रार लिहिण्याआधी एक पेपरचा तुकडा पंख्याच्या जाळीला लावून बघा. दार बंद असताना तो पडतो आणि दार किलकिलं केल्यावर चिकटून राहतो? मग पंखा ठीक आहे, हवेची वाट बंद आहे. मेंटेनन्स विभागालाही एक विनंती: पहिल्या मजल्यावरच्या पंख्यांच्या झडपांत कबुतरांनी घरटी केली आहेत, ती पिल्लं उडाल्यावर तरी काढावीत.

जास्त काळजी वाटते ती थर्ड इयरनंतर बाहेर फ्लॅट घेऊन राहणाऱ्यांची. जुन्या बिल्डिंगमधला, परवडणारा, चौघांत एक बाथरूम असलेला फ्लॅट. सकाळी एकामागून एक चार आंघोळी, मध्ये दार उघडलं न उघडलं. आमच्या वर्गातल्या चौघी सध्या असेच फ्लॅट बघताहेत. त्यांच्या यादीत भाडं, डिपॉझिट, वाय-फाय, गाडीला जागा आणि ‘मालक कटकट करतो का’ एवढे रकाने होते. मी त्यात ‘गीझर कुठला आणि कुठे’ हा रकाना वाढवला. पाचपैकी दोन फ्लॅटमध्ये गॅस गीझर बाथरूमच्या आतच निघाला. एका मालकाने तर अभिमानाने दाखवलं, “बघा, एक्झॉस्ट फॅनपण दिलाय.” दार खालून पूर्ण बंद होतं. मालक पाइपचा खर्च करायला तयार नाहीत, आणि चौघींपैकी दोघींना तो फ्लॅट कॉलेजपासून जवळ म्हणून अजून हवाय. या रविवारी परत बोलणी आहेत, मीही जाणार आहे.