हाशियातला नुक्ता आणि कॅमेऱ्याचे गुण

कॅमेऱ्यांची परीक्षा घेणारे बहुतेक लोक परीक्षक म्हणून नापास आहेत, असं माझं मत आहे. ते खोटं बोलतात असं नाही. मोजमाप ते काटेकोर करतात. पण बी.एड.ला मूल्यमापनाच्या पेपरात जी गोष्ट सुरुवातीलाच शिकवतात, ती ते विसरतात: जे मोजायचं आहे तेच ही चाचणी मोजते का? याला आम्ही शिक्षक सप्रमाणता म्हणतो. धावण्याच्या शर्यतीवरून शुद्धलेखनाचे गुण देता येत नाहीत.

उर्दू-मराठी शिकवणाऱ्या बाईने फुल-फ्रेम मिररलेस कॅमेऱ्यात नाक का खुपसावं? कारण पैसा चंद्याचा आहे आणि पुस्तकं आपली आहेत. मशिदींच्या कपाटांत, मदरशांत, जुन्या घरांच्या माळ्यांवर लिथोवर छापलेली उर्दू पुस्तकं आणि काही हस्तलिखितं पडून आहेत. कागद पिवळा पडून कडेने तुटतोय. ती बांधणी स्कॅनरवर उलटी दाबली तर पाठीचा कणा मोडतो, म्हणून वरून फोटो काढणं हाच बरा मार्ग. अशाच कामासाठी एका वाचनालयाने कॅमेरा घ्यायचं ठरवलं, त्या बैठकीला मी होते. अर्धा तास वाद एकाच गोष्टीवर: २४ मेगापिक्सेलचा घ्यायचा की ६१चा? लेन्सचं विचारलं तर उत्तर आलं, "मॅडम, बॉडीसोबत येते ना एक!" बॉडी आली ६१ची. पानाचा मधला भाग आरशासारखा स्वच्छ, आणि कडेची टीप धुरकट.

आता जरा हिशोब करू. हा हिशोब एकाही तरुणाने त्या बैठकीत केला नाही. २४ मेगापिक्सेलचा सेन्सर म्हणजे साधारण ६००० गुणिले ४००० ठिपके. ए-फोर पानाची रुंदी २१० मिलिमीटर. ती ४००० ठिपक्यांत बसवली, तर दर मिलिमीटरला १९ ठिपके मिळतात, म्हणजे इंचाला ४८० च्या आसपास. बारीक लिखाणातला अर्ध्या मिलिमीटरचा नुक्ता नऊ-दहा ठिपके रुंद येतो. वाचायला भरपूर झालं. ६१ मेगापिक्सेलमध्ये तेच मिलिमीटरला ३० होतात. जाहिरातीत अडीच पट दिसणारी वाढ पानावर दीडपटीच्या थोडी पुढे जाते. आणि तीही लेन्सने नुक्ता सेन्सरपर्यंत नीट पोचवला तरच. लेन्सने नुक्ता फासला असेल, तर ६१ मेगापिक्सेल तो फासलेला नुक्ता जास्त ठिपक्यांत साठवतील, एवढंच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लेन्स मधे तेज असते आणि कोपऱ्यांत कमजोर पडते. व्हिडिओतले परीक्षक सांगतात, कोपरे जरा मऊ आहेत, पण तिकडे बघतंय कोण? चेहऱ्याच्या फोटोत खरंच कोणी बघत नाही. पण आपल्या जुन्या पुस्तकांत मूळ मजकूर मधे असतो आणि शरह, टिपा, दुरुस्त्या हाशियावर, म्हणजे समासात असतात. बहुधा तिरक्या आणि सगळ्यात बारीक हातात लिहिलेल्या. लेन्स जिथे सगळ्यात दुबळी, तिथेच आपलं सगळ्यात बारीक अक्षर. नस्तालीकमध्ये तर एकाच आकाराखाली एक नुक्ता दिला की बे, तीन दिले की पे. वर दोन दिले की ते, तीन दिले की से. खुदा आणि जुदा यांतला फरक नुक्ता वर की खाली एवढाच. तो कोपऱ्यात विरघळला तर शंभर वर्षांनी वाचणाऱ्याने काय वाचायचं?

लिपीसाठी लेन्स तपासायची ही कल्पना माझी नाही. १९५६ साली निकॉनने मायक्रो-निक्कोर ५ सेंटिमीटर एफ/३.५ ही लेन्स काढली, ती मायक्रोफिल्मवर जपानी मजकूर उतरवण्याच्या गरजेतून. रोमन लिपीपुरती चालणारी लेन्स दाट रेघांच्या कांजी अक्षरांना पुरत नव्हती. त्यांनी गुणपत्रिका बघितली नाही, अक्षर बघितलं. त्याच्याही आधी, १८९६ साली, झाइसच्या पाउल रूडोल्फ यांनी प्लानार लेन्स रचली. तिचं नावच सपाट प्रतिमेवरून पडलं आहे. सपाट पान कोपऱ्यापर्यंत एकाच वेळी फोकसमध्ये राहणं हा गुण आजच्या किती व्हिडिओंत तपासतात? विटांच्या भिंतीचे फोटो काढणाऱ्यांची लोक टिंगल करतात. माझ्या कामाच्या सगळ्यात जवळची परीक्षा तीच आहे!

सेन्सरचंही तेच. डीएक्सओमार्क सेन्सरला तीन बाबींवर गुण देतं: पोर्ट्रेट म्हणजे रंगांची खोली, लँडस्केप म्हणजे डायनॅमिक रेंज, स्पोर्ट्स म्हणजे कमी उजेडातली क्षमता. यात पान कुठे आहे? कागदाचा पांढरा आणि शाईचा काळा यांत चार-पाच स्टॉपचं अंतर असतं. चौदा स्टॉपवाल्याने पंधरा स्टॉपवाल्याला हरवलं काय, नाही हरवलं काय! दोन दिवे, ट्रायपॉड, आयएसओ १००, एफ/८. पुस्तक पळून जात नाही, त्यामुळे पक्ष्याच्या डोळ्यावर फोकस धरणारी बॉडी इथे निरुपयोगी. खरं तर लहान सेन्सरचा कॅमेराही हे काम करेल, पण आमच्या पोरांना फुल-फ्रेमशिवाय इज्जत वाटत नाही.

एका गोष्टीत मात्र सेन्सरचा फरक पडतो, आणि ती कोणी विचारत नाही. पुष्कळ महागड्या बॉडींच्या सेन्सरवर लो-पास फिल्टर नसतो. जुन्या रिसाल्यात छापलेल्या फोटोच्या ठिपक्यांची जाळी अशा सेन्सरवर लाटांसारखे खोटे पट्टे उमटवू शकते. नस्तालीकच्या पानाला याचा त्रास नाही, चित्रांच्या पानाला आहे.

यावर एक बचाव नेहमी येतो: लेन्सचे दोष आता सॉफ्टवेअर सुधारतं. सुधारतं, हे खरं. काही मिररलेस लेन्स तर त्या भरवशावरच बनतात. कॅननची आरएफ १६ मिलिमीटर एफ/२.८ दुरुस्तीशिवाय बघा, सरळ रेघा कशा फुगतात ते दिसेल. पण ती दुरुस्ती म्हणजे कोपरा ताणणं, आणि ताणलेल्या जागी ठिपके अंदाजाने भरले जातात. आभाळाच्या तुकड्यात अंदाज चालतो. अक्षरात मला अंदाज नको. कंपन्यांचे एमटीएफ आलेखही अनेकदा प्रत्यक्ष लेन्सचे नसून आराखड्यावरून काढलेले असतात. तुमच्या हातातली लेन्स एका बाजूला कललेली निघाली तर आलेखाला त्याचा पत्ता नसतो. परीक्षकाने तपासली ती एक प्रत. मूल्यमापनात सप्रमाणतेच्या शेजारीच विश्वसनीयता हा शब्द असतो, तो यासाठीच.

मग घ्यायचं काय? २४ मेगापिक्सेलची जुनी बॉडी आणि मॅक्रो लेन्स. तीही नवीच हवी असं नाही. मिररलेसमधला आरसा गेल्याने लेन्स आणि सेन्सर यांतलं अंतर कमी झालं. निकॉनच्या जुन्या एफ माउंटला ते ४६.५ मिलिमीटर होतं, झेड माउंटला १६ आहे. मधल्या जागेत अ‍ॅडाप्टर बसतो आणि ५५ मिलिमीटरची जुनी हाताने फिरवायची मायक्रो-निक्कोर नव्या बॉडीवर चालते. स्क्रीनवर नुक्ता मोठा करून फोकस लावता येतो. माझ्या लेखी मिररलेसचा खरा फायदा हाच.

दुकानात जाताना जुन्या पुस्तकाच्या एका पानाची चांगली छापील प्रत आणि छोटा ट्रायपॉड सोबत न्या. पान भिंतीला सपाट लावा, कॅमेरा त्याच्यासमोर काटकोनात ठेवा, फ्रेम पानाने भरा, एफ/८ वर फोटो काढा. मग चारही कोपरे मोठे करून बे, पे, ते, से ओळखता येतात का ते बघा, आणि चारही कोपरे सारखेच येतात का तेही. तीन चांगले आणि एक धुरकट असेल तर ती लेन्स परत द्या. सोबत नेहमी फोटो काढणारा पोरगा असू द्या, पण कोपरे वाचायला शिकस्त हात वाचणारे एखादे चाचा न्या.