‘आपल्या मातीत हे नव्हते’ : ‘साबर बोंडं’च्या निमित्ताने

रोहन परशुराम कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ या चित्रपटाचा विषय काढला की एक ठरलेले उत्तर येते : ‘ही शहरातली थेरे. आपल्या किन्हवली-मुरबाडकडे असले कधी नव्हते.’ ‘कधी नव्हते’ हे विधान इतिहासाविषयीचे आहे. तेव्हा पुरावा मागणे आले.

प्रथम चित्रपट. मुंबईत राहणारा आनंद वडिलांच्या निधनानंतर दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो. नातेवाईक लग्नाचा लकडा लावतात. बालपणीचा मित्र बाळ्या तेथे शेती करतो. त्याच्याही मागे तोच तगादा. दोघांमध्ये जे उमलते ते अगदी हलक्या आवाजात. पार्श्वसंगीतसुद्धा नाही. जानेवारी २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात या मराठी चित्रपटाला जागतिक कथापट विभागाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. मला मात्र सुतकाची निवड अधिक महत्त्वाची वाटते. त्या दहा दिवसांत कोण कोणाचा कोण, हे विधीच ठरवतो : पुत्र, भाऊबंद, जावई. मित्राला तेथे जागा नाही.

आता ‘परकीय’ या शब्दाकडे. साबर बोंडे म्हणजे निवडुंगाची लाल, काटेरी फळे. हा फड्या निवडुंग मूळचा अमेरिका खंडातला. युरोपीय जहाजांतून इकडे आला. मिरचीही तशीच आली. त्यांना कोणी परके म्हणत नाही, आणि जे खरोखर बाहेरून लादले गेले त्याला मात्र आपण ‘संस्कृती’ म्हणतो! इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीच्या काळात, १५३३ साली, असा संबंध देहदंडाचा गुन्हा ठरला. त्याच परंपरेतून मेकॉलेचा मसुदा, १८६० ची दंडसंहिता आणि कलम ३७७ आले. इंग्लंड-वेल्सने आपला कायदा १९६७ साली सैल केला. आपण ६ सप्टेंबर २०१८ पर्यंत तो जपला.

मराठीत हा विषय काल उपटला, असेही नाही. र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचक समलिंगी संबंधांविषयी प्रश्न विचारीत आणि कर्वे उत्तरे देत. १९३४ साली त्यांच्यावरील अश्लीलतेचा खटला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लढवला. खटला हरले, परंतु प्रश्न विचारणारे मराठी वाचक होते, हे तर नोंदले गेले.

आपल्या बाजूचे लोक अशा वेळी खजुराहो पुढे करतात. मला तो युक्तिवाद लंगडा वाटतो. मंदिरावरील शिल्पावरून गावातल्या शेतकऱ्याचे मन कसे कळणार? खरी अडचण साधनांची आहे. गावाचे दप्तर जमीन, सारा आणि वारस यांसाठी लिहिले गेले. सातबाऱ्यावर वारस चढतो, सोबती चढत नाही. ज्या दप्तरात एखाद्या नात्याचा रकानाच नाही, त्यात ते नाते सापडले नाही म्हणून ते नव्हतेच, असे म्हणणारा विद्यार्थी आमच्या पहिल्या सत्रातच नापास होईल.

आणि तो रकाना आजही नाही. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहास मान्यता देण्यास नकार दिला. आनंद-बाळ्यासारखे दोघे किन्हवलीत जन्मभर एका घरात राहिले, तरी जोडीदार म्हणून तलाठ्याच्या दप्तरात त्यांचे नाव लागणार नाही. शंभर वर्षांनी कोणी ते दप्तर उघडील आणि निःशंकपणे लिहील : या भागात असले काही नव्हते.